पितरांचा वाटा

भाद्रपदातला पितृपक्ष लागला की पेणकरपाड्यात पार्वतीकाकीच्या फाटकाशी भर दुपारी डबे वाजायला लागत. कुणाचा स्टीलचा डबा, कुणाची केळीच्या पानात बांधलेली पुडी, कुणाची साधी झाकली वाटी. पाड्याला खेटून उभ्या राहिलेल्या टॉवरांतून, पार बेव्हर्ली पार्कातूनही माणसं येत. चपला फाटकाबाहेर काढत, काकीच्या शेळ्यांपुढे खीर, पुऱ्या, वडे, भात मांडत आणि डोळे मिटून हात जोडत.

खरं तर हा वाटा गाईचा. पण गाय आणायची कुठून? रस्त्याने हिंडणारी गुरं कधीच दिसेनाशी झाली होती, आणि तबेल्यातल्या म्हशींना कुणी पितरांचं पान वाढत नाही. वडील गेले त्या वर्षी हितेश स्कूटरला डबा अडकवून सबंध दुपार गाय शोधत फिरला होता. त्याचं हार्डवेअरचं दुकान भाईंदर पूर्वेला, घर टॉवरात. पुऱ्या गार झाल्या, खिरीवर साय धरली, गाय काही मिळेना. शेवटी तो काकीच्या फाटकाशी थबकला. आत कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदणी शेळी उभी होती. तिने मान पुढे केली, आणि हितेशच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं.

"मासी, ये चलेगा?"

"चलेगा म्हंजे? भुकेल्या तोंडाला काय न्हाय चालत?" काकी म्हणाली होती.

त्या संध्याकाळी त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, आणि तेव्हापासून दर वर्षी रांग लागू लागली. गाय नाही तर शेळी. पितरांनीही तक्रार केली नाही.

ज्यांना ऑफिसातून यायला जमत नसे त्यांचं पान शालू आणायची. शालू मूळची रत्नागिरीकडची, काकीच्या चाळीतली भाडेकरू, बेव्हर्ली पार्कात घरोघर स्वयंपाक करणारी. चार घरचे डबे एका पिशवीत घालून ती पाडा चढून आली की करडं तिच्या पायांत घोटाळत.

"थांबा रे मेल्यांनो, हे जोश्यांचे आजोबा हायत, ह्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या सासूबाई. रांगेत या."

"सासूबाई आधी वाढ," काकी म्हणायची. "न्हायतर रुसतील."

पार्वतीकाकीला हे पंधरा दिवस फार आवडत. ज्या टॉवरांतून हा भात येई, ते टॉवर तिच्या सासऱ्याच्या भातखाचरांवरच उभे होते. खाचरं गेली, मिठागरं गेली, नांगर गेला. राहिल्या त्या चाळीच्या खोल्या, पत्र्याच्या गोठ्यापुरतं अंगण, चार शेळ्या आणि त्यांची करडं. पण भादव्यात भात परत तिच्या दारी येई, शिजून, तुपात भिजून. ती म्हणे, "आमचीच जमीन आमच्या शेळ्यांना जेवू घालतंय."

चांदणीची या सालची जुळी होती. तांबूस अंगाचा गुलब्या आणि दुधासारखी पांढरी जुई. धार काढताना काकीच्या ओठांवर आपसूक ओवी यायची:

*चांदणीची जुळी बाळं, एक ऊन एक साय,*
*दोघांना पाजताना थकत न्हाय त्यांची माय.*

गुलब्या अंगापिंडाने भरला होता. डबा वाजला की सगळ्यांना ढुशा देत पहिला तोच पोचायचा. काकीलाही त्याचं कौतुक. जुईला बाजूला सारून ती उरलेली खीर त्याच्यापुढे सरकवायची. "खा रं बाबा. खाणाऱ्याचं घर भरतं."

या साली नवमीला कधी नव्हे एवढे डबे आले. सवाशीण गेलेल्या बायकांचं श्राद्ध त्या दिवशी असतं, आणि टॉवरांत अशा बायका बऱ्याच होत्या. त्या दिवशी गुलब्याने किती खाल्लं ते कुणी पाहिलं नाही. पोट तट्ट झालं तसा तो पेंढ्यावर आडवा झाला, आणि शालू हसून म्हणाली, "बघा, लग्नातला भटजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी गोठ्यात गेली तर गुलब्या आडवा पडलेला. मान पाठीकडे वळलेली, पाय हवेत पोहल्यासारखे चाललेले, तोंडाला फेस. तिने त्याला मांडीवर घेतलं. पाणी लावलं, कांदा हुंगवला. चुलीवरचा चहा उतू जायच्या आत त्याचे पाय थांबले.

धर्मेश धावत आला. काकीचा एकुलता लेक, सोसायट्यांना पाण्याचे टँकर पुरवायचा; सकाळपासून त्याच्या कानाला फोन असे. त्याने करडाकडे पाहिलं आणि फोन खिशात घातला.

"आये, हे आपोआप मेलेलं नाय. कुणीतरी घातलंय."

"काय घातलंय?"

"विष. दुसरं काय? तो पहिल्या मजल्यावरचा नाय का, वास येतो वास येतो म्हणून ओरडत असतो. रात्री चांगलं होतं, सकाळी खलास. असं कुठे असतं?"

काकी कुदळ घेऊन उठली. तिने अंगणाच्या कोपऱ्यात, पेरूच्या झाडाखाली गुलब्याला पुरलं. माती लोटताना ती पुटपुटली, आणि शालूने ते ऐकलं:

*भरल्या पोटी गेला, माझा उपाशी न्हाय गेला,*
*खिरीच्या गं वाटीपाशी त्यानं जीव ठेवियेला.*

एवढाच आधार होता तिला. भरल्या पोटी गेला.

त्याच्या दुसऱ्या सकाळी आणखी एक करडू तसंच गेलं. तेही चांगलं गुटगुटीत. काकीने शेळ्यांची पाण्याची भांडी उपडी करून घासायला घेतली. जुई आईच्या पोटाखाली उभी होती, कान टवकारून. कावेरी नावाची शेळी गाभण होती. ज्या अंगणात वर्षानुवर्षं काही मेलं नव्हतं त्या अंगणात दोन दिवसांत दोन करडं गेली होती.

"आता पुरे," धर्मेश म्हणाला. "दहिसरच्या त्या शेळ्या विकत घेणाऱ्या माणसाला फोन करतो. आहेत त्या जिवंत तरी जातील. टॉवरच्या मधे शेळ्या पाळायचे दिवस गेले, आये. आज विष घातलं, उद्या आणखी काय करतील."

"अमावास्या होऊ दे," काकी म्हणाली. "तुझ्या बाबांचं पान झालं की मंग बग काय ते. जुई वाचली तर राहील गोठा. न्हाय वाचली तर तुझा तू मोकळा."

धर्मेशने मान हलवली. एवढी मुदत त्याला चालण्यासारखी होती.

शालूला ते ऐकून जेवण गेलं नाही. ती ज्या घरी दुपारच्या पोळ्या करायची त्या घरच्या रसिका मॅडम जनावरांच्या डॉक्टर होत्या. दवाखाना मिरा रोडला. तिथे बहुतेक कुत्री-मांजरं यायची. त्याच दुपारी ते दुसरं मेलेलं करडू गोणपाटात गुंडाळून, रिक्षावाल्याला "पार्सल हाय, पार्सल" असं सांगत शालू काकीला घेऊन त्या दवाखान्यात बसली. बाजूच्या खुर्चीवर डोक्याला गुलाबी फीत बांधलेलं एक झिपरं कुत्रं होतं. ते गोणपाटाकडे बघून गुरगुरलं.

"याला काय झालंय?" काकीने त्याच्या मालकिणीला विचारलं.

"डिप्रेशन."

काकीने कुत्र्याकडे बराच वेळ पाहिलं. "आमच्याकडे त्याला वेळच मिळाला न्हाय," ती म्हणाली.

डॉक्टर रसिकाने गोणपाट उघडलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा डॉक्टरी आव जरासा उतरला. शेळीला हात लावून तिलाही बरीच वर्षं झाली असावीत. तिने खिडकीच्या जाळीशी उभं राहून क्षणभर विचार केला. मग विचारलं, "काकी, मला हे उघडून बघावं लागेल. चालेल?"

मेलेल्याला चिरायचं ही गोष्ट काकीच्या घरात कधी झाली नव्हती. तिने पदर तोंडाला लावला. "जुईसाठी चालंल," ती म्हणाली.

मागच्या पडवीत डॉक्टरने हातमोजे घातले. काकी पाठ फिरवून बसणार होती, पण बसली नाही. ती बघत राहिली. हृदयाभोवती पाणी साचलं होतं. मूत्रपिंड बोटाने नुसतं दाबलं तर पिकून गेलेल्या चिकूसारखं फुटलं.

"विष आहे," डॉक्टर म्हणाली.

"बघा," शालू म्हणाली. "म्हणजे कुणीतरी..."

"कुणी घातलेलं नाही. आतच तयार झालंय." तिने हातमोजे उलटे करून काढले. "याला आंत्रविषार म्हणतात. मी नमुना तपासायला पाठवते, पण तोवर थांबायचं नाही. याचा जंतू असतो ना काकी, तो मातीत असतो, चांगल्या धडधाकट शेळीच्या आतड्यातही असतो. बिचारा कोपऱ्यात पडून असतो, कुणाला त्रास नाही. पण जनावराने एकदम पुष्कळ दाणा, भात, गोड काही खाल्लं की त्याला मेजवानी मिळते. तो वाढतो आणि विष सोडतो. ते डोक्यापर्यंत गेलं की मान अशी मागे जाते. तेव्हा औषधाला वेळ उरत नाही. आणि यात रोडकी करडं मरत नाहीत. कळपातलं सगळ्यात खाणारं, सगळ्यात लाडकं मरतं." मग तिने साधंच विचारलं, "खायला काय देता?"

शालू खाली बघायला लागली. चार घरचे डबे तिच्या डोळ्यांपुढून गेले. झाकणावरची साय, तुपाची धार.

काकी मात्र डॉक्टरच्या तोंडाकडेच बघत होती. भरल्या पोटी गेला, एवढ्याच एका शब्दावर ती दोन दिवस उभी होती. तोच शब्द आता तिच्या पायाखालून निघाला.

"म्हंजे खिरीनं," ती म्हणाली.

"खिरीने नाही, काकी. एकदम, फार, सवय नसताना दिलेल्या कशानेही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

"मी भरवली. जुईला ढकलून त्याला भरवली."

आतून ते झिपरं कुत्रं एकदा भुंकलं.

संध्याकाळी डॉक्टर बर्फाच्या डब्यातून लस घेऊन पाड्यावर आली. मेलेलं करडू तिने चुना टाकून खोल पुरायला लावलं. एकेका शेळीची कातडी चिमटीत धरून सुई दिली. गाभण कावेरीपाशी ती जरा जास्त वेळ थांबली. "हिला आत्ता दिली, आणखी तीन आठवड्यांनी पुन्हा दिली की हिच्या चिकात ताकद उतरेल. होणारं पिल्लू पहिल्या दिवसापासून आईकडूनच ती पिईल." मग हात पुसत म्हणाली, "पण ऐका, लस दिली म्हणजे आजच्या आज कवच चढलं असं नाही. वेळ लागतो. तोवर सुका चारा, पाला, पाणी. शिजवलेलं काही नको. एक घाससुद्धा नको."

धर्मेश फाटकापाशी टँकरवाल्याला फोनवर रस्ता सांगत होता. मधेच त्याने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"शिजवलेलं द्यायचं न्हाय," काकीने सांगितलं.

"हां, बरोबर," तो म्हणाला, आणि पुन्हा फोनमध्ये गेला. "नाय नाय, लेफ्ट नको, मंदिराच्या इकडून घे."

रात्रीचा स्वयंपाक उरकून शालू काकीच्या ओट्यावर येऊन बसली.

"काकी, मी उद्या सगळ्या मॅडमना सांगते. या साली नको म्हणून."

"काय सांगशील? पितरांना न्हाय म्हणून सांगशील?"

"मग?"

"अगं, या दारातून कुणाला परत लावलं न्हाय कधी. मिठागरावरचा माणूस आला, भाकर दिली. पुरात पलीकडची आली, त्यांना दिली. आता मेलेली माणसं येतात त्यांना कसं परत लावू?" तिने गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि जुईला कसं मारू?"

त्या दोन वाक्यांच्या मधे ती तीन दिवस राहिली. पेंढा घालताना, पाणी बदलताना, जुईच्या पोटावर हात ठेवून ते मऊ आहे ना हे पाहताना. आलेले डबे ती "ठेवा, मागनं वाढते" म्हणून हातात घेई आणि शेळ्यांपर्यंत पोचू देत नसे. सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी तिने शालूला उठवलं. दोघी कोयता घेऊन पाड्यामागच्या उंबराखाली आणि फणसाखाली गेल्या. परतताना डोक्यावर पाल्याचे भारे होते. काकीने एकेक डहाळी सुतळीने बांधली आणि फाटकाजवळ पाण्याच्या बादलीत उभी केली. फुलवाल्याच्या दुकानासारखं दिसायला लागलं.

मग तिने आपला स्वयंपाक केला. तिच्या नवऱ्याला, बाबुरावांना आवडणारे वडे, तांदळाची खीर, भेंडीची भाजी. पान वाढून ओट्यावर ठेवलं आणि वर केळीचं पान झाकलं. जुईला वास लागला. ती दोरीला ताण देऊन ओरडायला लागली.

दुपार झाली, डबे वाजले. पहिला हितेश.

"मासी, पापा का है."

काकी फाटकाच्या मधोमध उभी होती. "हितेस, दोन करडं गेली आमची."

"सुना मैने. बहुत बुरा हुआ. मी ग्रुपवर पण टाकलं, कुणी काय केलं असेल तर..."

"कुणी न्हाय केलं काय. ग्रुपवर ते पण टाक. आपण केलं. तुझ्या पुरीनं, तिच्या खिरीनं, माझ्या हातानं. प्रेमानं केलं, पण पोटाला प्रेम कळत न्हाय, भात कळतो." तिने डॉक्टरने सांगितलं होतं ते तिच्या भाषेत सांगितलं. मागे रांग वाढत होती. माणसं ऐकत होती. एक बाई डबा छातीशी धरून म्हणाली, "पण मग आमच्या ह्यांचं काय? बाल्कनीत कावळा पण येत नाही हो."

"कावळ्याचा घास त्या पत्र्यावर टाका. आमच्या पत्र्यावर कावळ्यांची मीटिंग असते रोज." काकीने बादलीतली एक डहाळी उचलून हितेशच्या हातात दिली. "शेळीला हे द्या, आपल्या हातानं. तिच्या पोटात तिचं खाणं जाऊ दे. हात तुमचा असला म्हंजे झालं. आणि डब्यातलं घरी न्या, पोराबाळांना घेऊन जेवा. माणसं जेवली की पितर जेवतात, असं आमची सासू म्हणायची."

"म्हणायची?" शालूने हळूच विचारलं.

"म्हणाली असती," काकी म्हणाली.

हितेश डहाळीकडे बघत राहिला. "पापा को तो खीर बहुत भाती थी, मासी. पत्ता कैसे दूं?"

"तुझ्या पापाला डायबिटीस होता का न्हाय?"

"था."

"मंग आता तरी पथ्य पाळू दे त्यांना."

रांगेत हसू फुटलं. हितेशही हसला, नाक ओढलं, आणि आत जाऊन चांदणीपुढे डहाळी धरली. चांदणीने ती खसखसून ओढली. तो डोळे मिटून उभा राहिला, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ, कारण पुरी एका घासात संपते आणि फणसाचा पाला संपता संपत नाही.

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. एक गृहस्थ "हे शास्त्रात बसत नाही" म्हणून डबा घेऊन चालते झाले. एकीने तोंड वाकडं केलं. पण बादली रिकामी होत गेली, पत्र्यावर कावळे जमले, आणि शालू पुन्हा पुन्हा पाला आणून भरत राहिली. शेवटचं माणूस गेलं तेव्हा काकी ओट्याकडे वळली, बाबुरावांचं पान पत्र्यावर ठेवायला.

पान रिकामं होतं.

जुईची दोरी सुटलेली नव्हती. ती गोठ्याच्या मागच्या अंगाला उभी होती, तोंडाला खीर, हनुवटीवर भाताची शितं. तिच्यापुढे धर्मेश उकिडवा बसला होता. त्याच्या हाताची बोटं ती अजून चाटत होती.



"बाबांचं होतं," धर्मेश म्हणाला. आईकडे न बघता. "सगळ्यांचे आलेत, सगळ्यांनी दिलं. बाबांचं कावळ्याला टाकायचं? ते गेले तेव्हा मी टँकरवर होतो, आये. पोचलो नाय मी. मला वाटलं, एवढंच, एक दिवस. ही त्यांच्याच शेळीची नात ना."

"धर्मा, तुला सांगितलं व्हतं."

"तू म्हणालीस शिजवलेलं नको. मला वाटलं लोकांचं. घरचं पण नको?"

एवढे दिवस शेळ्या विकायच्या म्हणणारा तो. काकीला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. "शालू, डॉक्टरणीला फोन लाव," ती म्हणाली.

डॉक्टर रसिका स्कूटीवर आली. जुईचं पोट तिने चाचपलं, ताप पाहिला, तोंडातून औषध पाजलं, एक इंजेक्शन दिलं. "किती खाल्लं?"

"सगळं," धर्मेश म्हणाला.

"लस देऊन थोडेच दिवस झालेत. थोडीफार मदत होईल, नाहीही होणार. आता आपल्या हातात बघत राहणं आहे. पोट फुगतंय का, मान मागे जातेय का, पाय ताठ होतायत का. काही वाटलं की लगेच फोन करा, मी जवळच आहे." ती निघताना थांबली. "आणि एक चांगलं लक्षण सांगते. तिने रवंथ सुरू केला तर समजा पोटाचं काम ठिकाणावर आहे."

धर्मेशने पेंढा पसरला आणि जुईचं डोकं मांडीवर घेऊन बसला. फोन वाजला. त्याने तो शालूकडे दिला.

"काय सांगू?"

"सांग आज टँकर नाय."

"कोणी विचारलं का म्हणून?"

"सांग साहेब रजेवर."

ऊन पत्र्यावरून उतरत गेलं. टॉवरांची सावली अंगणात आली. मधेच जुईचं अंग थरथरलं आणि धर्मेशने तिची मान दोन्ही हातांत धरली. माशी बसली होती. एकदा तिने मान वळवली. काकी उठून उभी राहिली. जुईला पाठ खाजवायची होती. शालूने चहा आणला, तिघांचेही कप गार झाले.

"आये," धर्मेश म्हणाला, "बाबा हिच्या आजीला काय म्हणायचे गं?"

"भवानी. खुंटा उपटून पळायची म्हणून."

"मला चावली होती एकदा."

"तू तिची चिंच खाल्लीस म्हणून चावली."

तो हसला, आणि हसता हसता त्याने जुईच्या कानावर गाल टेकवला. मग तो तसाच राहिला. बराच वेळ.

दिवेलागणीला समोरच्या टॉवरात एकेक खिडकी उजळायला लागली. हितेश दुकान बंद करून परस्पर फाटकाशी आला होता. त्याच्या कानावर गेलं होतं. तो आत आला नाही, फाटकाला हात टेकून उभा राहिला.

जुईच्या गळ्यातून काहीतरी वर सरकलं. एक छोटी गोळी, कातडीखालून वर येताना दिसली. तिचा जबडा हलला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. थांबला. पुन्हा हलला. मग तो हलतच राहिला, हळू, एका लयीत, जात्यासारखा.

"चावतंय," धर्मेश कुजबुजला. "आये, चावतंय ती."

काकी त्यांच्याशेजारी पेंढ्यावर बसली. गुलब्याला पुरल्यापासून तिच्या गळ्यातून सूर निघाला नव्हता. आता तो आला, खरखरीत, अर्धा बोलल्यासारखा:

*रवंथ करी जुई, सुका चारा दाढेखाली,*
*सावकाश खा गं बाई, घाई कुणाला गं झाली.*

फाटकाशी हितेशने मान खाली घातली. त्याला ओवीतलं सगळं कळलं नसेल. कळलं तेवढं पुरेसं होतं.

पहाटे जुई उठली, दूध पिण्यासाठी आईला ढुशी दिली, आणि चांदणीने तिला लाथ मारली. सगळं नेहमीसारखं होतं. धर्मेश पेंढ्यातच झोपला होता, तोंड उघडं टाकून. त्याने दहिसरच्या माणसाला फोन केला नाही, आणि काकीनेही त्याला विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी दुसऱ्या सुईचा दिवस आला. डॉक्टर बर्फाचा डबा घेऊन आली तेव्हा धर्मेशने सगळ्या शेळ्या बांधून ओळीने उभ्या केल्या होत्या. जुई त्याच्या दोन गुडघ्यांच्या मधे अडकवलेली.

"पुढच्या वर्षी कधी?" त्याने विचारलं.

"पावसाच्या आधी. मे महिन्यात."

"मे मध्ये टँकरचा सीझन असतो मॅडम. पाणी नसतं ना सोसायट्यांना."

"मग?"

धर्मेशने जुईच्या मानेची कातडी चिमटीत धरली, डॉक्टरने शिकवलं होतं तशी. "मग काय. एक दिवस सोसायटीवाले थांबतील," तो म्हणाला. "टोचा तुम्ही."